सहीचा अधिकार : सी.ए. होण्याच्या वाटेचा इतिहास



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला आधीच बजावले होते, "आठवणी नकोत, आठवणींचे अकरा लेख आलेत. तू काहीतरी माहितीचं लिही." त्यामुळे डबा, मैदान आणि गॅदरिंग बाकीच्यांवर सोपवून मी इतिहासाकडे वळले आहे.

विषय मात्र आपल्याच ग्रुपने दिला. आपली मुले आता दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर आहेत आणि गेल्या वर्षभरात ग्रुपवर सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, "सी.ए. कसं व्हायचं?" आपल्या बॅचचे सी.ए. त्यावर उत्तर देतात, "अभ्यास कर म्हणावं." उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. मी पडले सॉफ्टवेअर इंजिनिअर, जमाखर्चाशी माझा संबंध घरच्या किराण्याच्या यादीपुरता. तरी या प्रश्नाच्या मागे जाऊन वाचत गेले तेव्हा लक्षात आले, की ही नुसती परीक्षांची यादी नाही. दुसऱ्याच्या पैशांबद्दल "हे खरे आहे" असे लिहून खाली सही करण्याचा अधिकार कोणाला द्यायचा, या भांडणाचा हा इतिहास आहे. आपल्या इतिहासाच्या बाई म्हणायच्या, "सन मी सांगते, कारण तुम्ही सांगा." बाई, या लेखात दोन्ही द्यायचा प्रयत्न केला आहे.

मुजुमदार, सबनीस आणि कारखानीस

हिशेब तपासणारा माणूस आपल्याकडे इंग्रजांनी आणला नाही. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतले अमात्य म्हणजेच मुजुमदार. राज्याच्या जमाखर्चावर नजर ठेवणे हे त्यांचे काम. किल्ल्यावरची व्यवस्था तर आजच्या ऑडिटरनेही पाहावी अशी होती. किल्ला एकट्या हवालदाराच्या हाती नसे. हजेरीपट आणि हिशेब सबनिसाकडे, धान्य आणि सामानाचे कोठार कारखानिसाकडे. म्हणजे हुकूम देणारा एक, लिहून ठेवणारा दुसरा आणि माल सांभाळणारा तिसरा. एकाला गैरव्यवहार करायचा तर बाकीच्यांना फितवावे लागणार. आज अकाउंट्सच्या पुस्तकात हेच तत्त्व 'अंतर्गत नियंत्रण' या जड नावाने शिकवतात. पुढे पेशवाईत फडणिशी आली, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या रोजकीर्दींचे ढीग आजही अभ्यासकांना पुरून उरतात. कीर्द, खतावणी, तेरीज हे शब्द आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत दुकानादुकानांत चालत होते.

मग नवीन काय आले? हे सगळे तपासनीस धन्याचे नोकर होते. धन्याचे पैसे, धन्याचा माणूस. पण कंपनी नावाची चीज आली तेव्हा पैसे हजार लोकांचे झाले, आणि ते हजार लोक एकमेकांना ओळखत नव्हते, कारभाऱ्यांनाही ओळखत नव्हते. त्यांच्या वतीने तपासणारा माणूस कोणाचाच नोकर असून चालणार नव्हते. तो नसला की काय होते, हे मुंबईने लवकरच पाहिले.

१ जुलै १८६५

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांकडे जायचा बंद झाला. गिरणीवाले भारतीय कापसाकडे वळले आणि मुंबईत पैशांचा पूर आला. मग बँका निघाल्या, वित्त कंपन्या निघाल्या, समुद्र भरून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांतली बॅकबेची कंपनी सर्वांत गाजलेली. प्रेमचंद रायचंद हे या तेजीचे अनभिषिक्त राजे. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव आहे. शेअरचे भाव कामावर नव्हे, अफवेवर वाढत होते. कंपनीकडे खरोखर काय आहे हे पाहायला कोणी परकी, तटस्थ नजर नव्हती.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. वायद्याचे असंख्य सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करायचे होते. त्या दिवशी ते पुरे झाले नाहीत. धनिक कफल्लक झाले, कंपन्या बुडाल्या, आणि सढळ हाताने कर्जे वाटणारी बँक ऑफ बॉम्बे पुढच्या दोन-तीन वर्षांत गुंडाळावी लागली.

ही तारीख लक्षात ठेवा. ती पुन्हा येणार आहे.

सनद कोणाची?

तिकडे ब्रिटनमध्येही दिवाळखोऱ्या आणि रेल्वे कंपन्यांचे घोटाळे यांतून हिशेबनिसांचा स्वतंत्र धंदा घडत होता. एडिंबरोच्या अकाउंटंट मंडळींनी १८५४ मध्ये राणीकडून सनद मिळवली. सनद म्हणजे चार्टर, म्हणून चार्टर्ड अकाउंटंट. मराठीत आपण 'सनदी लेखापाल' म्हणतो तो शब्द इतका जुळणारा आहे. इंग्लंड-वेल्सच्या संस्थेला १८८० मध्ये सनद मिळाली. अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथे १८९६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा करून सी.पी.ए. म्हणजे 'सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट' हा परवाना सुरू केला. आपले जे दोस्त तिकडे आहेत त्यांना ठाऊक असेल, की हा परवाना अजूनही राज्याराज्याचा वेगळा असतो.

भारतात १९१३ च्या कंपनी कायद्याने पहिल्यांदा सांगितले, की ऑडिटर कोणीही चालणार नाही, त्याच्याकडे सरकारी प्रमाणपत्र हवे. त्यातही दोन पंगती होत्या. विलायतेतल्या मान्य संस्थांच्या सभासदांना सरळ प्रवेश. देशी माणसाला मात्र प्रांतिक सरकारचे मर्यादित प्रमाणपत्र. ते त्या प्रांतापुरतेच चालायचे आणि प्रमाणपत्रात लिहिलेल्या भाषेतल्या हिशेबांपुरतेच. म्हणजे ज्ञान असले तरी सहीला कुंपण होते.

ते कुंपण मुंबईत मोडले. १९१३ मध्येच इथे सिडनहॅम कॉलेज सुरू झाले होते आणि वाणिज्य हा विद्यापीठात शिकण्याचा विषय झाला होता. १९१८ मध्ये मुंबई सरकारने जी.डी.ए. म्हणजे 'गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी' सुरू केला. परीक्षा पास व्हायची आणि मान्यताप्राप्त अकाउंटंटच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करायची, की देशभर चालणारे प्रमाणपत्र मिळे. त्यानंतर दोन वर्षांत मर्यादित प्रमाणपत्रे देणे बंद झाले. १९३० मध्ये केंद्र सरकारने स्वतःकडे नोंदवही ठेवायचे ठरवले आणि तिच्यात नाव असलेल्यांना 'रजिस्टर्ड अकाउंटंट' म्हणू लागले.

परीक्षा आणि उमेदवारी ही जोडी तेव्हापासून आजपर्यंत सुटलेली नाही. अभ्यासक्रम दहा वेळा बदलले, जोडी कायम राहिली.

दार कोणाला बंद होते?

उमेदवारी म्हणजेच आर्टिकलशिप. ऐकायला छान वाटते, पण मूळ ब्रिटिश पद्धतीत उमेदवारच मालकाला पैसे मोजायचा. त्याला 'प्रीमियम' म्हणत. वर काही वर्षे जवळपास बिनपगारी काम. याचा अर्थ सरळ आहे. ज्याच्या बापाकडे पैसे, त्याचाच मुलगा अकाउंटंट. प्रीमियमची ही चाल आपल्याकडेही आली होती. आज नियमांनीच उमेदवाराकडून पैसे घ्यायला बंदी आहे आणि उलट त्याला किमान विद्यावेतन द्यावे लागते. हा बदल कागदावर एका ओळीचा आहे, पण त्याने किती घरांचे दार उघडले असेल याचा विचार करा.

दुसरे बंद दार बायकांसाठी. लंडनच्या मेरी हॅरिस स्मिथ स्वतःचा हिशेबनिसाचा व्यवसाय चालवत होत्या. १८९१ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या संस्थेकडे सभासदत्व मागितले, आणि केवळ स्त्री म्हणून ते नाकारले गेले. १९१९ मध्ये कायदा बदलला आणि १९२० मध्ये त्यांना ते मिळाले. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती.

आपल्याकडची गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. मद्रासच्या आर. शिवभोगम स्वातंत्र्य चळवळीत पडल्या आणि वर्षभर तुरुंगात राहिल्या. सुटून आल्यावर त्यांनी अकाउंटन्सीचा अभ्यास केला आणि १९३३ मध्ये जी.डी.ए. पास झाल्या. पण तुरुंगवास भोगलेल्याला नोंदणी नाही, असा नियम आडवा आला. परीक्षा पास, उमेदवारी झालेली, आणि तरी सही करायची नाही! त्या कोर्टात गेल्या, जिंकल्या आणि १९३७ मध्ये स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. देशातल्या पहिल्या महिला चार्टर्ड अकाउंटंट म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे १९५५ ते १९५८ या काळात त्या संस्थेच्या दक्षिण विभागाच्या अध्यक्ष होत्या. आपल्या बॅचच्या ज्या मैत्रिणी आज नावापुढे सी.ए. लावतात, त्यांच्यासाठी हे कुलूप कोणी उघडले हे त्यांच्या मुलींना माहीत असायला हवे.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान दिसते. दाराला कडी हवीच, कारण सहीवर लोकांचे पैसे अवलंबून असतात. पण कडी कशासाठी आहे हे विसरले, की ती पैसा, भाषा, लिंग आणि राजकारण यांच्यासाठी वापरली जाते. या धंद्याचा इतिहास म्हणजे चुकीची कारणे एकेक करून गळत जाण्याचा इतिहास आहे.

पुन्हा १ जुलै

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवरून चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, १९४९ झाला. तो लागू झाला १ जुलै १९४९ रोजी. मुंबईच्या त्या काळ्या दिवसाला बरोबर चौऱ्याऐंशी वर्षे झाली होती. हा निव्वळ योगायोग, कोणी मुद्दाम निवडला नसणार. पण इतिहास कधीकधी अशी ताळेबंदासारखी दोन बाजूंची जुळणी करून दाखवतो.

गंमत अशी, की आपल्या चार्टर्ड अकाउंटंटना कोणत्याही राजा-राणीची सनद नाही. नाव विलायती राहिले, सनद मात्र आपल्याच कायदेमंडळाची. राज्यघटना लागू व्हायच्या आधी झालेला हा कायदा आहे. संस्थेचे पहिले अध्यक्ष मुंबईचे जी. पी. कापडिया. पुढे या व्यवसायाचा सविस्तर इतिहासही त्यांनीच लिहिला. संस्थेचे बोधवाक्य कठोपनिषदातून घेतलेले आहे. बाकीचे झोपलेले असताना जो जागा असतो तो, असा त्याचा रोख. १८६५ च्या मुंबईला हाच माणूस हवा होता. सुरुवातीला सुमारे १,७०० सभासद होते, आज चार लाखांहून अधिक आहेत.

आजची वाट

आता ग्रुपवरच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या वेळी फाउंडेशन, इंटर, फायनल अशी नावे होती. मग पी.ई. आले, २००६ मध्ये सी.पी.टी., नंतर आय.पी.सी.सी., आणि २०१७ मध्ये फिरून फाउंडेशन आणि इंटरमीजिएट. २०२३ पासूनची नवी रचना अशी आहे.

बारावीनंतर फाउंडेशन, चार पेपर. मग इंटरमीजिएट, तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप. वाणिज्य पदवीधर ५५ टक्क्यांवर आणि इतर पदवीधर ६० टक्क्यांवर असतील, तर त्यांना फाउंडेशन न देता सरळ इंटरला बसता येते. म्हणजे माझ्यासारख्या इंजिनिअरलाही दार बंद नाही! इंटरचे दोन्ही ग्रुप सुटले आणि संगणक व कार्यालयीन कामाचे छोटे प्रशिक्षण झाले, की आर्टिकलशिप. ती पूर्वी तीन वर्षांची होती, आता दोन वर्षांची आहे. मध्ये चार ऑनलाइन विषय स्वतः अभ्यासून द्यायचे. आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिन्यांनी फायनल, पुन्हा तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि ग्रुपची सरासरी ५० टक्के. चाळीस ऐकून सोपे वाटते, पण पालकांनो, निकालाच्या दिवशी कळते. फाउंडेशन आणि इंटरची परीक्षा पूर्वी वर्षातून दोनदा व्हायची, आता तीनदा होते. त्यामुळे एक अटेम्प्ट गेला तरी सहा महिने वाया जात नाहीत.

या सर्वांत मुलांना नकोशी वाटणारी आणि खरी घडवणारी गोष्ट म्हणजे आर्टिकलशिप. पहिले काही महिने नुसते व्हाउचर तपासणे, बँकेचे पासबुक आणि वही यांचा मेळ घालणे, मार्चअखेरीला गोदामात उभे राहून पोती मोजणे. आपल्या बॅचच्या एका सी.ए. मित्राने मला सांगितले, की त्याला पुस्तकाने साठा म्हणजे काय ते शिकवले, पण वरच्या थरामागे पोकळी असू शकते हे गोदामाने शिकवले. संगणकाच्या क्षेत्रात आम्ही चार वर्षांत पदवी घेतो आणि दुसऱ्या दिवशी बँकेच्या प्रणालीचा कोड लिहायला बसतो. आम्हाला कोणी परवाना विचारत नाही, सहीही मागत नाही. कधीकधी वाटते, की आमच्याकडेही सही करणाऱ्या कोणाच्या तरी शेजारी दोन वर्षे बसण्याची सक्ती असती तर बरे झाले असते.

सही खोटी ठरते तेव्हा

७ जानेवारी २००९ हा दिवस आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना विसरता येत नाही. सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले, की वह्यांत दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. ताळेबंदावर ऑडिटरची सही होती. बँकेतली शिल्लक कंपनीच्या कागदावरून नव्हे, स्वतः बँकेकडून तपासून घ्यायची, हा धडा तर आर्टिकलच्या पहिल्याच वर्षातला. २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने ज्या दहा जणांना दोषी ठरवले, त्यांत दोन ऑडिटरही होते.

याचे परिणाम व्यवसायालाही सोसावे लागले. आपल्या सभासदांना आपणच शिस्त लावू, हा १९४९ पासूनचा विश्वास पूर्वीसारखा राहिला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात स्वतंत्र नियामकाची तरतूद आली आणि २०१८ मध्ये नॅशनल फायनान्शियल रिपोर्टिंग ऑथॉरिटी स्थापन झाली. मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरवर आता तिची नजर असते. दुसरीकडे सी.ए.च्या नावाने बनावट सह्या करून दाखले विकणारे महाभाग होतेच. त्यावर संस्थेने २०१९ पासून प्रत्येक दाखल्याला अठरा अंकाक्षरांचा यू.डी.आय.एन. हा क्रमांक सक्तीचा केला. तो ऑनलाइन टाकला की दाखला खरा की खोटा ते कोणालाही पाहता येते. शेवटी सहीला आमच्या क्षेत्राची मदत घ्यावी लागली, एवढा अभिमान मी मिरवते.

ज्यांना सही मिळाली नाही

आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीबद्दल तिच्या परवानगीने लिहिते. तिचा इंटरचा एक ग्रुप सुटला होता. वडील गेले, धाकटी भावंडे होती, आर्टिकलशिपच्या तुटपुंज्या पैशांत घर चालेना, आणि वाट सुटली. पुढे तिने सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा दिली. या परीक्षेतून महाराष्ट्रात सहकारी संस्थांचे प्रमाणित लेखापरीक्षक होता येते. आज ती तालुक्यातल्या पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्थांचे ऑडिट करते. तिच्या सहीवर शेकडो ठेवीदार रात्री निवांत झोपतात. परवाना एकाच दारातून मिळतो असे नाही, हे मुलांना सांगा. आणि एक ग्रुप राहिलेल्या मुलाला नापास म्हणू नका, हेही.

पण तिची वाट अभ्यासाअभावी सुटली नव्हती, पैशाअभावी सुटली होती. प्रीमियम बंद झाला तरी तो वेगळ्या रूपात शिल्लक आहे. गावाकडच्या मुलाला पुण्या-मुंबईत आर्टिकलशिप करायची तर खोलीभाडे आणि मेस विद्यावेतनापेक्षा जास्त होते. फरक आईवडील भरतात. ज्यांचे भरू शकत नाहीत, त्यांची मुले परततात.

म्हणून एक सूचना मांडते. मेळाव्याच्या वर्गणीतून जी रक्कम उरेल ती पुढच्या जेवणासाठी ठेवण्याऐवजी आपल्या शाळेतून पुढे गेलेल्या आणि इंटर पास झालेल्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या दोन वर्षांच्या राहण्याजेवणासाठी बाजूला ठेवू. आपल्या बॅचमधल्या प्रॅक्टिस करणाऱ्या सी.ए. मंडळींनी दरवर्षी एक जागा शाळेच्या विद्यार्थ्यासाठी राखावी. निवड मुख्याध्यापक आणि आपले निवृत्त शिक्षक करतील. हिशेब दरवर्षी ग्रुपवर मांडला जाईल आणि तो तपासून सही करेल आपली तीच मैत्रीण. तिने होकार दिला आहे. आता तुमचा हवा आहे.